नवे शब्द, जुने कागद

राज्य फौजेच्या आणि खजिन्याच्या बळावर चालतें, असें सामान्यतः म्हटलें जातें. परंतु फौज हलते ती शब्दावर, आणि खजिना उघडतो तोहि शब्दावरच. हुकूम देणारा एक शब्द उच्चारतो. त्याचा अर्थ ऐकणाऱ्यास आधींपासून ठाऊक असतो. म्हणून काम होतें. हे शब्द एखाद्या दिवशीं बदलले तर काय होईल? नवा शब्द अधिक शुद्ध असेल, अधिक सुबोध असेल, अधिक अभिमानास्पदहि असेल. परंतु जुन्या शब्दांवर शेंकडों कचेऱ्या चाललेल्या असतात, हजारों कागद लिहिलेले असतात, आणि त्या कागदांवर लोकांच्या जमिनी, हक्क आणि चरितार्थ अवलंबून असतात. म्हणून आज्ञेचे शब्द बदलूं पाहणाऱ्या प्रत्येकापुढें एक प्रश्न उभा राहतो: नवें आणतांना जुन्याचें काय करावयाचें?

महाराष्ट्रांत हा प्रश्न सतराव्या शतकांत फार मोठ्या प्रमाणावर उपस्थित झाला. त्याला जें उत्तर मिळालें त्याच्या खुणा कोल्हापुरांत, विशेषतः ज्या वस्तीला शिवाजीमहाराजांचेंच नांव आहे त्या शिवाजी पेठेंत, आजहि लोकांच्या तोंडीं सांपडतात.

दक्षिणेंत १३४७ सालीं बहामनी राज्य स्थापन झालें. तेव्हांपासून शिवराज्याभिषेकापर्यंत सव्वातीनशें वर्षें गेलीं. या काळांत दरबाराची भाषा फारसी होती. गांवचा कारभार मराठींत आणि मोडी लिपींत चाले. विजापूरच्या आदिलशाहींत तर महसुलाचे हिशेब देशी भाषेंत ठेवण्याची चालहि पडली होती. तथापि त्या मराठीच्या अंगांत फारसी आणि अरबी शब्द इतके मुरले होते कीं, ते परके आहेत याची जाणीवच उरली नव्हती. जमीन, वसूल, बाकी, हुकूम, अर्ज, दफ्तर, सनद, वतन, इनाम, महजर हे शब्द पाटील आणि कुलकर्णी रोज उच्चारीत. हवालदार, मामलेदार, सबनीस, फडणीस, चिटणीस हीं कामगारांचीं नांवेंहि त्याच वळणाचीं. ज्याला फारसीचें एक अक्षर वाचतां येत नसे, त्या कुणब्याला ‘बाकी’ म्हणजे काय हें मात्र पक्कें ठाऊक असे.

अशा स्थितींत ६ जून १६७४ रोजीं, म्हणजे शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस, रायगडावर राज्याभिषेक झाला. नव्या राज्याला स्वतःचें छत्र आणि सिंहासन मिळालें. त्याच्या जोडीला स्वतःची परिभाषाहि असावी, असा विचार झाला. महाराजांची मुद्रा पूर्वींपासूनच संस्कृत होती. आतां मंत्रिमंडळाचीं नांवें बदललीं. पेशवा तो मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य झाला, सुरनीस सचिव झाला, वाकनीस मंत्री झाला, डबीर सुमंत झाला आणि सरनोबत सेनापति झाला. पंडितराव आणि न्यायाधीश हीं दोन पदें मिळून अष्टप्रधान पुरे झाले. माणसें बहुतांशीं तींच होतीं. मोरोपंत पिंगळे पेशवे होते, ते मुख्य प्रधान झाले. अण्णाजी दत्तो सुरनीस होते, ते सचिव झाले. कामेंहि बहुतांशीं तींच राहिलीं. बदललें तें नांव.

येथें एक गंमतीची गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. या आठ प्रधानांनीं कोणकोणतीं कामें करावीं हें ठरविणारा जो लेख प्रसिद्ध आहे, त्याला ‘कानूजाबता’ म्हणतात. कानू म्हणजे कायदा, जाबता म्हणजे नियमांची यादी. दोन्ही शब्द अरबी-फारसी वळणाचे. नव्या नांवांची व्यवस्था सांगणारा कागद जुन्या नांवानें ओळखला जातो, यांत विसंगति पाहण्याचें कारण नाहीं. ज्यांना हा हुकूम वाचावयाचा होता त्यांना कोणत्या प्रकारचा कागद हातीं आला आहे हें शीर्षकावरून समजणें अवश्य होतें. नवी गोष्ट सांगतांना ऐकणाऱ्याच्या ओळखीचा एक शब्द हातीं धरावा लागतो.

परंतु आठ पदांचीं नांवें बदलून राज्याची भाषा बदलत नाहीं. म्हणून राज्यकारभारांतील एकंदर शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा ग्रंथ रचण्याचें काम महाराजांनीं रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडे सोंपविलें; रचनेंत धुंडिराज लक्ष्मण व्यास या पंडिताचा मोठा वांटा होता. हाच ‘राज्यव्यवहारकोश’. राज्याभिषेकानंतरच्या थोड्या वर्षांत तो सिद्ध झाला. त्यांत सुमारें चौदाशें शब्द आहेत आणि त्यांची मांडणी दहा वर्गांत केली आहे: राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, सामंतवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग आणि पण्यवर्ग. राजापासून बाजारापर्यंत आणि शस्त्रागारापासून लेखणीपर्यंत राज्याचीं सर्व अंगें त्यांत आलीं आहेत.

या ग्रंथाची थोरवी पुष्कळदां भाषाभिमानाच्या दृष्टीनें सांगितली जाते, आणि तें योग्यच आहे. परंतु त्याच्या रचनेकडे पाहिलें तर आणखी एक गोष्ट ध्यानांत येते. कोशकारानें नव्या शब्दांची नुसती यादी दिलेली नाहीं. चालू शब्द आणि त्याचा संस्कृत प्रतिशब्द हे दोन्ही त्यानें पद्यांत शेजारीं शेजारीं बसविले आहेत. म्हणजे किल्ल्याला दुर्ग म्हणावें हें ज्यास शिकावयाचें आहे त्याला तो ग्रंथ उपयोगी; आणि दुर्ग म्हणजे आपल्या ओळखीचा किल्ला, हें ज्यास समजून घ्यावयाचें आहे त्यालाहि तोच ग्रंथ उपयोगी. जुन्या शब्दावर फुली मारणारा हा कोश नसून, जुन्यावरून नव्याकडे आणि नव्यावरून जुन्याकडे जाण्याचा तो पूल आहे. पद्यरचनेचाहि एक व्यावहारिक हेतु होता. जेथें छापखाना नव्हता तेथें जें पाठ होईल तेंच टिकणार. आणि श्लोक पाठ करणें कारकुनाला यादी पाठ करण्यापेक्षां सोपें जातें.

आतां परिणाम काय झाला तें पाहावें. सेनापति हा शब्द रुळला. सरनोबत मागें पडला. सचिव आणि अमात्य हीं नांवें इतकीं दृढ झालीं कीं, भोरचे पंतसचिव आणि बावड्याचे पंतअमात्य हीं घराणीं त्याच नांवांनीं ओळखलीं जाऊं लागलीं. उलट, मुख्य प्रधानाची कथा निराळी झाली. १७१३ सालीं बाळाजी विश्वनाथ भट यांना शाहूमहाराजांनीं तें पद दिलें. त्यांच्या व त्यांच्या वंशजांच्या मुद्रांवर ‘मुख्य प्रधान’ हीं अक्षरें आहेत. पण लोकांनीं त्यांना पेशवेच म्हटलें, आणि इतिहासानेंहि तेंच नांव स्वीकारलें. शिक्क्यावर एक नांव आणि लोकांच्या तोंडीं दुसरें, अशीं शंभर वर्षें गेलीं, आणि कारभार कोठें अडला नाहीं; कारण दोन्ही नांवांचा धनी एकच आहे हें सर्वांना ठाऊक होतें.

खालच्या पायरीवर मात्र जुनीं नांवें जवळजवळ जशींच्या तशीं राहिलीं. हवालदार, सबनीस, कारखानीस, फडणीस, मामलेदार हे शब्द पेशवाईंत पूर्ण भरांत होते, आणि आज ते महाराष्ट्रांतील घरोघरच्या आडनांवांत आहेत. असें कां झालें? वरचीं पदें आठ, म्हणजे तीं धारण करणारीं माणसें मोजकीं. त्यांचीं नांवें दरबारांत ठरतात आणि दरबारांत पाळलीं जातात. खालच्या कामगारांचीं नांवें हजारों माणसांच्या रोजच्या उपयोगाचीं. सबनिसाला रोज हांक मारणारा गडकरी, त्याच्याकडे कागद नेणारा पाटील, त्याची वाट पाहणारा शिपाई, या सर्वांनीं एकदम शब्द बदलावयाचा म्हणजे एका आज्ञेनें होणारें काम नव्हे. शब्द वापरणारे जितके अधिक, तितका तो बदलणें महाग. महाराजांच्या राज्यानें हा खर्च ओळखला होता असें दिसतें. कारण जुना शब्द वापरला म्हणून अर्ज परत गेला किंवा सनद रद्द झाली, असें त्या व्यवस्थेंत नव्हतें.

याचा अर्थ प्रयत्न वायां गेला असा नव्हे. वि. का. राजवाडे यांनीं जुन्या पत्रांतील शब्दांची मोजदाद करून, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून पुढें फारसी शब्दांचें प्रमाण कसें उतरत गेलें तें दाखविलें आहे. शब्द हटले, परंतु हळूहळू, लिहिणाऱ्यांच्या पिढ्या बदलत गेल्या तसतसे.

कालगणनेंतहि हेंच धोरण दिसतें. राज्याभिषेकाबरोबर राज्याभिषेक शक सुरू झाला. स्वतंत्र राजानें स्वतःचा शक चालू करावा ही प्राचीन रीति. तिच्यांत मोठा अर्थ होता. परंतु महसुलाचे हिशेब शुहूर सनांत, म्हणजे ज्याला अरबी सन किंवा मृगसाल म्हणत त्या सनांत, चालत आले होते. त्याचें वर्ष सूर्य मृग नक्षत्रांत शिरला म्हणजे सुरू होई. पेरणीचा हंगाम तोच. वर्षाचा आंकडा अरबी शब्दांत लिहीत: खमस सबैन अलफ, म्हणजे पांच, सत्तर आणि हजार, १०७५. त्यांत ५९९ मिळविले कीं १६७४ येतात. जानेवारी ते मे या महिन्यांसाठीं ६०० मिळवावे लागतात. महाराजांनीं हा सन मोडला नाहीं. गौरवाच्या लेखांत राज्याभिषेक शक येऊं लागला आणि रोजच्या पत्रांत व हिशेबांत शुहूर सन पेशवाईच्या अखेरपर्यंत चालला. शेतकऱ्याची गेल्या सालची बाकी नव्या शकांत मांडतांना बुडाली किंवा दुप्पट झाली, असें होण्यास वावच ठेवला नाहीं.

या सावधपणाचें मूळ जुन्या कागदांत आहे. त्या काळीं वतनाचा तंटा उपस्थित झाला म्हणजे गोतसभा बसे, साक्षी होत, आणि पूर्वींचीं फर्मानें, सनदा व महजर पुढें ठेवले जात. त्यांपैकीं कित्येक निजामशाहींतले, कित्येक आदिलशाहींतले. त्यांतील प्रत्येक हक्काचें नांव जुन्या परिभाषेंत. नव्या राज्यानें ती परिभाषा अमान्य केली असती तर कागद फाडावा लागला नसता. तो आपोआपच निरर्थक झाला असता. गरिबाजवळ पुरावा म्हणून जो एक जीर्ण कागद असतो त्याचें बळ त्यावरील शब्दांत असतें. हे शब्द समजणारा न्यायाधीश नाहींसा झाला कीं हक्कहि नाहींसा होतो.

ही दृष्टि करवीर राज्याच्या पायांत घातलेली होती. ताराराणींनीं १७१० च्या सुमारास पन्हाळ्यावर स्वतंत्र गादी उभी केली. १७१४ मध्यें ती संभाजीराजांकडे आली. त्यांच्या आज्ञेनें १७१५ सालीं रामचंद्रपंत अमात्यांनीं ‘आज्ञापत्र’ लिहिलें. मराठी राजनीतीचा हा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ. लिहिणारा पुरुष शिवाजीमहाराजांपासून संभाजीराजांपर्यंत सर्व राजवटी पाहिलेला. त्याचें पद अमात्य, म्हणजे नव्या परिभाषेंतील. परंतु राजाराममहाराजांनीं जिंजीस जातांना महाराष्ट्राचा भार त्याच्यावर टाकला तेव्हां जो किताब दिला तो ‘हुकूमतपनाह’, म्हणजे शुद्ध जुन्या वळणाचा. एकाच पुरुषाच्या अंगावर दोन्ही परिभाषा सुखानें नांदत होत्या. आज्ञापत्राची भाषाहि तशीच आहे. तींत संस्कृत शब्द भरपूर आहेत, त्यांच्या बरोबरीनें वतनदार आणि साहूकार आहेत, आणि पोर्तुगीजांकडून आलेलें आरमारहि आहे. वतनदारांविषयीं ग्रंथकाराचें मत कडक आहे. ते राज्याचे भागीदारच होऊं पाहतात, हें तो ओळखून आहे. तथापि पूर्वापार चालत आलेलीं वतनें एकदम मोडूं नयेत आणि नवीं वाढवूंहि नयेत, असाच त्याचा कल आहे. शब्दांच्या बाबतींत राज्यव्यवहारकोशानें जें केलें, तेंच हक्कांच्या बाबतींत आज्ञापत्र सांगतें.

अठराव्या शतकाच्या अखेरीस करवीरची राजधानी पन्हाळ्याहून कोल्हापुरांत आली. अंबाबाईचें देऊळ आणि जुना राजवाडा एका बाजूस, रंकाळा तलाव दुसऱ्या बाजूस, यांच्या मध्यें शिवाजी पेठ वसलेली आहे. या पेठेचें जीवन तालमींभोंवतीं फिरतें. तालीम हा अरबी शब्द. मूळ अर्थ शिक्षण. तालमींतला शिक्षक तो वस्ताद, म्हणजे फारसी उस्ताद. शिकणारा तो पैलवान, हाहि फारसी. आणि त्याचा खुराक, तोहि फारसी. खंडोबा तालीम मंडळ या नांवांत मराठी देव, अरबी तालीम आणि संस्कृत मंडळ एका ओळींत उभे आहेत. महाराजांचें नांव मिरविणाऱ्या पेठेंत हे शब्द टिकले, यांत महाराजांच्या धोरणाचा पराभव पाहणें चूक होईल. त्यांनीं नवीं नांवें दिलीं आणि जुनीं वापरणाऱ्यांवर बंदी घातली नाहीं. पेठेची बोली हा त्या धोरणाचाच परिपाक आहे. संस्थानी काळांतहि तेंच. शाहूछत्रपतींनीं २६ जुलै १९०२ रोजीं मागासलेल्या वर्गांसाठीं निम्म्या जागा राखून ठेवण्याचा जो ऐतिहासिक हुकूम काढला, तो प्रसिद्ध झाला ‘करवीर सरकारचें गॅझेट’ या पत्रांत. संस्कृत, फारसी आणि युरोपीय असे तीन शब्द एका शीर्षकांत. आणि वाचणाऱ्याला त्यांतला एकहि अडला नाहीं.

याच कोल्हापुरांत हा वाद विसाव्या शतकांत पुन्हां रंगला. माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजेच कवि माधव जूलियन, राजाराम कॉलेजांत प्राध्यापक होते. त्यांनीं १९२५ सालीं ‘फारसी-मराठी कोश’ प्रसिद्ध केला आणि १९३८ सालीं ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. फारसीचा एवढा जाणकार पुरुष भाषाशुद्धीचा पुरस्कर्ता झाला याचें अनेकांना आश्चर्य वाटलें. परंतु जो जुना शब्द मुळासकट ओळखतो, तोच त्याच्या जागीं नवा शब्द जबाबदारीनें सुचवूं शकतो. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळींतून दिनांक आणि महापौर यांसारखे शब्द आले. दिनांक रुळला, आणि तारीखहि राहिली. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र राज्यानें १९६२ सालीं ‘पदनाम कोश’ काढला. टीकाकारांनीं त्याला ‘बदनाम कोश’ म्हणून हिणविलें. तरी कलेक्टरचा जिल्हाधिकारी झाला तो झालाच. आणि तहसीलदार हा जुना अरबी-फारसी शब्द मात्र नव्या कोशांतहि आपलें आसन सांभाळून राहिला.

हा प्रश्न केवळ राज्यांपुरता नाहीं. ज्या ज्या ठिकाणीं ठराविक शब्दांनीं आज्ञा दिली जाते त्या त्या ठिकाणीं तो उभा राहतो. आणि आजच्या काळांत असें सर्वांत मोठें ठिकाण म्हणजे संगणक. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ पासून युनिक्स नांवाची कार्यप्रणाली तयार झाली. तींत काम करणारा आज्ञेचा एक शब्द टंकित करतो आणि त्यामागें एखादें अक्षर किंवा चिन्ह जोडून ती आज्ञा कशा रीतीनें पाळावी हें सांगतो. अशा आज्ञा लोक हातानें देतात, तसेच त्यांच्या मालिका लिहूनहि ठेवतात. त्या मालिका माणूस झोंपेंत असतांना रात्रीं आपोआप चालतात. या मालिका म्हणजे संगणकाच्या राज्यांतील जुने कागद होत. १९७६ सालीं तेथील स्टुअर्ट फेल्डमन यांनीं ‘मेक’ नांवाचें साधन तयार केलें. त्यांत ओळीच्या आरंभीं विशिष्ट प्रकारची मोकळी जागा सोडावी लागे. ही रीत अडचणीची आहे हें लवकरच दिसून आलें. पण तोंवर डझनभर माणसें तें साधन वापरूं लागलीं होतीं, आणि त्यांची घडी मोडूं नये म्हणून रीत तशीच ठेवली गेली. डझनभरांसाठीं राखलेली ती अडचण पुढें जगभरच्या लक्षावधि लोकांनीं सोसली. जुनें अजिबात न बदलण्याचाहि असा खर्च असतो.

उलट दिशेची चूकहि झाली. याद्या क्रमवार लावणारी ‘सॉर्ट’ नांवाची एक आज्ञा आहे. कोणत्या रकान्यापासून क्रम लावावा हें अधिक-चिन्हापुढें अंक लिहून सांगण्याची तिची जुनी रीत होती. २००१ च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणानें ठरविलें कीं, असें लिहिलेलें दिसल्यास तें रकान्याचें नव्हे तर दप्तराचें नांव समजावें. जुना शब्द नाकारला जाणें एक वेळ परवडतें. त्याला गुपचूप निराळा अर्थ चिकटणें हें अधिक घातक. अनेक जुन्या मालिका यामुळें अडखळल्या. तेव्हां कोणत्या सालच्या प्रमाणाप्रमाणें वागावें हें वापरणाऱ्यास सांगतां यावें, अशी सोय साधनें तयार करणाऱ्यांनीं ठेवली. शुहूर सन आणि राज्याभिषेक शक शेजारीं शेजारीं चालविण्यासारखीच ही युक्ति. मजकुरांतून शब्द हुडकणाऱ्या ‘ईग्रेप’ या आज्ञेच्या बाबतींत तर राज्यव्यवहारकोशाचीच रीत दिसते. २०२२ पासून ती आज्ञा दिली असतां काम पूर्वींप्रमाणेंच होतें, परंतु यापुढें अमुक नवा शब्द वापरावा अशी सूचनाहि पडद्यावर येते. जुन्याला मान आणि त्याच वेळीं नव्याचा पाठ.

पूल बांधला नाहीं तर काय होतें, याचें उदाहरण मात्र पुन्हां महाराष्ट्रांतच सांपडतें, आणि तें मोडी लिपीचें आहे. शतकानुशतकें कारभाराची लिपि मोडी होती. छापखान्याला बाळबोध सोयीची पडली. पुढें शाळाहि बाळबोधीवर आल्या, आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी अभ्यासक्रमांतून गेली. हा बदल अपरिहार्य होता; दोन लिप्यांचें ओझें प्रत्येक मुलावर कायमचें टाकणें शक्य नव्हतें. चूक झाली ती निराळी. मोडी वाचणारीं माणसें पिढीपिढीला पुरेशीं तयार होत राहतील अशी तजवीज झाली नाहीं. परिणाम असा कीं, कोल्हापूरच्या पुराभिलेखागारांत करवीर संस्थानचीं मोडी दफ्तरें शाबूत असतांना ज्यांच्या पूर्वजांचीं नांवें त्यांत आहेत त्यांनाच तीं वाचतां येत नाहींत. घराघरांतील जुन्या पेट्यांतून निघणाऱ्या सनदांची आणि खरेदीखतांची गोष्टहि तीच.

ही केवळ विद्वानांची हळहळ नव्हे. २०२३ सालीं कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठीं महाराष्ट्र शासनानें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. राज्यभर जुनीं दफ्तरें उघडलीं गेलीं. त्यांतील पुष्कळ नोंदी मोडींत. आणि मोडी जाणणाऱ्या माणसांचा तुटवडा सर्वत्र जाणवला. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचें मत कांहींहि असो, एक गोष्ट निर्विवाद आहे: एका कुटुंबाला शिक्षणांत आणि नोकरींत काय मिळावें, हें एका ओळीच्या वाचनावर अवलंबून होतें, आणि ती ओळ वाचणारा मनुष्य शोधावा लागत होता. १८५२ च्या इनाम कमिशननें जेव्हां इनामदारांकडून पुरावे मागितले, तेव्हां कागद नव्हते म्हणून अनेकांचीं उत्पन्नें गेलीं. येथें कागद होते, वाचणारे नव्हते.

शासनाच्या पुराभिलेख खात्यातर्फे आणि कांहीं संस्थांतर्फे मोडीचे वर्ग चालतात. त्यांतून बाहेर पडणारा प्रत्येक तरुण हा रघुनाथपंतांच्या कोशासारखाच एक लहानसा पूल आहे. लिपि परत आणावी असें कोणी म्हणत नाहीं, आणि तें होणारहि नाहीं. परंतु एका जिल्ह्याच्या दफ्तराला पुरतील इतके वाचक सदैव तयार ठेवणें हें राज्यालाहि अवघड नाहीं आणि समाजालाहि नाहीं.

बदल करणाऱ्याला तीन गोष्टी कराव्या लागतात, असें या साऱ्या इतिहासावरून दिसतें. जुन्या आणि नव्याचा मेळ दाखविणारा कोश आधीं द्यावा. दोन्ही चालतील असा काळ पुरेसा ठेवावा. आणि जुनें वापरांतून गेल्यावरहि तें वाचूं शकणारीं माणसें राखावीं. पहिल्या दोन गोष्टी साडेतीनशें वर्षांपूर्वीं रायगडावर झाल्या. तिसरीची तेव्हां गरज भासली नाहीं, कारण जुने शब्द बोलणारे सर्वत्र होते. आज मोडीच्या बाबतींत ती गरज भासत आहे, आणि तें काम अद्याप पुरें झालेलें नाहीं. कोल्हापुरांतील ज्या घरांत आजोबांच्या किंवा पणजोबांच्या पेटींत मोडीचा एखादा कागद असेल, त्यांनीं तो वाळवी लागण्यापूर्वीं वाचवून घ्यावा; त्यांत काय लिहिलें आहे हें आजच्या अक्षरांत उतरवून मूळ कागदाशेजारींच ठेवावें. तेवढ्यानें त्या घरापुरता तरी कोश पुरा होईल.